रकाना नऊ

मे महिन्याची एकवीस तारीख. रत्नागिरीत
पाणी दोन दिवसांआड, तेही पहाटे तीनला,
आणि आमच्या घरात घोटाभर.
कोणाला सांगितलं तर हसतील.

आधी पंख्याच्या कडीतून थेंब.
मग ट्यूबलाइटच्या पट्टीखाली एक सरळ ओळ,
समास सोडून टाइप केल्यासारखी.
मग छतानं हिशेब ठेवणं सोडून दिलं.

वर फणसोपकर. सईदाबाई लेकीच्या बाळंतपणाला चिपळूणला,
कोरडा नळ उघडा राहिलेला,
मोरीच्या जाळीवर घसरलेलं पायपुसणं.
वाळिंब्यांच्या पोरानं गच्चीवर जाऊन कॉक फिरवला तोवर उजाडलं.

शालननं गाद्या नाही उचलल्या आधी.
बादल्या आणल्या.
केरभरणीनं पाणी भरत राहिली:
दोन बादल्या, पातेलं, कुकर, नातीचा टब.
"वाया नको जायला," म्हणाली,
आणि मागे तांदळाचं पोतं खालून फुगत होतं.

तीन दिवस ते पाणी आम्ही संडासाला वापरलं.
फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.

तीस वर्षं कोर्टाच्या भिंतीलगत बसून
मी लोकांची नुकसानं टाइप केली.
बांध, कलमं, एकदा होडी.
सबब अर्जदाराचे अपरिमित नुकसान झाले असे.
पानाला दहा रुपये, कार्बन धरून.
मोजायला कोणी आलेलं मात्र आठवत नाही.

माझ्याकडे आले. कुरणे, कोल्हापूरहून.
आंबा घाटात गाडी लागली म्हणून आधी लिंबू सरबत,
मग कपाटाच्या पायाला टेप: अकरा सेंटिमीटर.
"बिलं?"
कपाट सासऱ्यांनी करवून घेतलेलं, फणसाचं. सुतार वारला.
सोफ्याचं बिल होतं, पण शाई उतरून कोरं झालेलं.
"टाइपरायटर?"
ब्याऐंशी सालचा.
"घसारा," ते म्हणाले, "शंभर टक्के."
वाईट हेतूनं नाही. वहीत शून्य काढलं, नीट, गोल.
मी 'ळ'ची कळ दाबून पाहिली.
आत गेली. आली नाही.

रकाना नऊ: पाण्याचा स्रोत.
"टाकी फुटली, पाइप फुटला, तर सोपं.
नळ उघडा राहिला असेल तर त्यांचं नाव लिहा.
कंपनी तुम्हाला देईल, मग त्यांच्याकडून वसूल करेल.
तुम्हाला काही त्रास नाही."

तुम्हाला काही त्रास नाही.
अंगठा घेताना मी किती जणांना सांगितलंय हे.

सईदाबाई त्याच दुपारी एसटीनं परतल्या होत्या,
एक दिवसाचा नातू मागे ठेवून.
दारात उभ्या, चपला हातात,
पाय कुठे ठेवायचा ते बघत.
बोलल्या काही नाहीत. ओढणी कमरेला बांधली
आणि माझ्या ओल्या फायलींतलं पान न् पान सुटं करून
दोरीवर घातलं. माझी कुठली, लोकांचीच ती,
उरलेल्या कार्बनकॉप्या, वीस वर्षांपूर्वीची भांडणं.
एका पानाशी थांबल्या, ओठ हलवत वाचलं.
"भाऊ, ह्या माणसाची म्हैस मिळाली का हो शेवटी?"

मला माहीत नव्हतं.

रकान्यात मी लिहिलं: वरून.

ऑगस्टात पत्र आलं. स्रोत संदिग्ध.
रंगकामापुरते चार हजार दोनशे मंजूर.
शालन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिचं बरोबर होतं. रंगाचा एकच हात पुरला,
डाग अजून दिसतो, दिवा लावला की जास्त.

पुन्हा मे. पहाटे तीनला
आधी पाइपात हवा खाकरते.
आम्ही दोघं जागेच. वर पावलं.
मग जिन्यातून आवाज,
"भाऊ, आलं का खाली?"
"आलं."
"मग बंद करते."