हातभर

ब्रोन्युस, पेटी हलवावी लागली.
रिमगौदासच्या नातीला पापणीवर डंख बसला,
डोळा नव्या बटाट्याएवढा सुजला.
तो भांडला नाही. कुंपणापाशी आला,
टोपी हातात घेऊन
बराच वेळ हवामानाबद्दल बोलला.
त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

चूक तुझी. आता म्हणायला हरकत नाही.
सकाळचं पहिलं ऊन तिथे पडतं म्हणून
तू पेटीचं तोंड त्यांच्या पायवाटेकडे केलंस.
ऊन बघितलंस,
वाट बघितली नाहीस.
कशाचीच.

मी जागा शोधली, कोठाराच्या आडोशाला.
वाऱ्याकडे पाठ, पुढ्यात हेझलची दाट झुडपं:
बाहेर पडणाऱ्या माशीला आधी वर चढावं लागेल,
मग ती माणसांच्या डोक्यांवरून जाईल,
डोळ्यांसमोरून नाही.
अंतर बावीस पावलं.
पण एका रात्रीत उचलून नेता येत नाही, तूच सांगायचास,
माशीला पेटी ठाऊक नसते, जागा ठाऊक असते.

म्हणून रोज संध्याकाळी, उडणं थांबलं की,
दोन फळ्यांवरून
हातभर.
तोंड किंचित किंचित आग्नेयेकडे वळवत.
पावसाच्या दिवशी नाही.
ज्या बाहेरच पडल्या नाहीत
त्यांना नवा पत्ता कसा कळणार?

अख्खा जून त्यात गेला.
शेपूच्या वाफ्यातून, पंपाला वळसा घालून,
आणि तीन दिवस पेटी नेमकी
स्वयंपाकघराच्या दारात.
मी खिडकीतून ये-जा केली. बहात्तराव्या वर्षी.
हसू नकोस.
चौथ्या दिवशी रिमगौदास न बोलता आला
आणि त्याने दुसरी बाजू धरली.
त्याची उग्ने, डोळा बरा झाल्यावर,
लांबूनच परातीकडे बोट दाखवून म्हणाली,
पाण्यात खडे टाका,
नाहीतर त्या बुडतील.
टाकले.

मग लिंडन फुलले, आणि गळले.
परवा मध काढला.
मेणाने पुरत्या झाकलेल्या चौकटी तेवढ्या घेतल्या.
एक अर्धी उघडी होती, झटकून पाहिली,
थेंब उडाले, परत ठेवली. घाईचा मध आंबतो.
खालच्या मजल्याला हात लावला नाही.
तो त्यांचा, इथला हिवाळा तुला माहीत आहे.
दारं-खिडक्या लावून यंत्र फिरवलं,
तरी एक आत शिरलीच,
माझ्या मनगटावरचा थेंब चाखून
पडद्यावर जाऊन बसली.
अकरा बरण्या.
एक कुंपणापलीकडे गेली,
तिकडून सहा अंडी आली.

जुन्या जागी आता कुणी घुटमळत नाही.
ज्यांना ती आठवत होती
त्या माश्या उन्हाळाभरात संपल्या.
नव्यांना कुंपण माहीतच नाही.

गवतात एक पिवळा चौकोन आहे.
तिथे मी अजून काही पेरलेलं नाही.