कोपऱ्यातलं कोपर

सारिकानं तीन पत्रे मागवलेत.
पत्रे म्हणलं की हसती.
"मामा, पत्रे नाही हो, मेटल प्रिंट."
एकतीस वर्षं जालन्याच्या रोलिंग मिलमधी
लालबुंद सळई चिमट्यानं वळवली मी,
मला पत्रा वळखू येतो.
पेरानं वाजवून बघितलं :
ॲल्युमिनियम. दीड एमएम असंल नसंल.
"ह्याला गंज नाही लागत," वैजनाथ म्हणला,
जसं काही गंज लागणं
म्हणजे खानदानाला बट्टा.

नवा फ्लॅट, चौथा मजला, मंठा रोडकडं.
भिंतीला बिस्किटी रंग.
देवाचे फोटो आतल्या खोलीत गेले
आन् बाहेरच्या भिंतीला इतिहास पाहिजे, म्हणती.
गड-किल्ले शेजाऱ्याकडं आहेत,
ढाल-तलवार समोरच्याकडं.
हिनं हुडकून काढलं निजामाच्या वक्ताचं
आपल्याच भागातलं :
जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या,
बैलांची तोंडं हललेली.
मीटरगेजचं इंजिन, पोटावर नंबर.
आन् तळ्याचं काम; मधी टोपीवाला साहेब,
एक पाय दगडावर,
तळं त्यानंच खोदल्यासारखा.

त्या तळ्यासाठी छापणाऱ्या पोराचा फोन आलेला.
"मॅडम, उजव्या कोपऱ्यात डाग आहे.
काढून टाकू? दोन मिनिटांचं काम."
सारिकानं मोबाइलवर दोन बोटांनी डाग ताणला,
ताणता ताणता उठली, माझ्याकडं आली.
चष्मा लावला मी.
डाग कुठला?
कोपर होतं. दंडात कडं,
कडेवर घागरीचा काठ.
बाकीची बाई चौकटीच्या बाहेर
कुठं निघाली होती, कोणाला माहीत.
"राहू द्या," सारिका फोनवर म्हणली.
"तसंच छापायचं?"
"तसंच."
"मग नंतर कंप्लेंट नका करू."

रविवारी वैजनाथनं ड्रिल आणलं,
मी लेव्हलचा बुडबुडा धरून उभा.
पहिलं भोक चुकलं.
ते आता इंजिनामागं आहे, कोणाला सांगू नका.

पाहुणे येतात, चहा घेता घेता विचारतात,
हा साहेब कोण?
खाली बारीक इंग्रजीत लिहिलंय, सारिका वाचून दाखवती.
इंजिनाचाही नंबर वाचतात हौसेनं.
पाहुण्यांची पोरं बैल मोजतात.

माझी आई बहात्तरला खडी फोडायला जायची.
तिचा फोटो नाही, एकही.
हजेरीपटावर अंगठा उठवलेला असंल,
तो कागद कसरीनं खाल्ला का तहसीलनं,
देव जाणे.
मी असं म्हणत नाही की ही तीच.
साल जुळत नाही, आन् आईकडं कडं कुठलं.
तरी पत्रे पुसायची पाळी आली
की माझा हात तिथं हळू होतो.

साडेचारला बाल्कनीतून ऊन आत येतं
आन् पत्रा पेटतो,
भट्टीचं दार उघडल्यावर व्हायचं तसं
डोळ्यापुढं नुसतं पांढरं.
साहेब जातो, टोपी जाती, दगडावरचा पाय जातो,
अख्खं तळं जातं.
कपाटाची सावली पडती
तेवढा कोपरा उरतो.
वीसेक मिनिटं. मग ऊन सरकतं,
साहेब परत कामावर.

आज नवव्या दिवशी नळाला पाणी आलं
आन् बिल्डिंगची मोटार जळाली.
खालच्या हौदातून बादल्या.
लिफ्टमधी पाटी : पाणी सांडू नये.
तिसऱ्या खेपेला भिंतीजवळून जाताना
पत्र्याच्या काळ्या कोपऱ्यात काहीतरी हललं.
थांबलो.
माझंच कोपर होतं,
बादलीच्या वजनानं बाहेर आलेलं,
तिच्या कोपराच्या जरासं मागं.

"मामा, फरशीवर सांडतंय,"
आतून सारिका ओरडली.