पाय पुढे

मोर्शीच्या शोरूममध्ये बसून पाहिलं, तर
पाय आपोआप पुढे गेले,
आरामखुर्चीत जातात तसे,
आणि मला जराशी लाज वाटली.

अकरा वर्षं टाकीवर पोट टेकून
वरूड ते मोर्शी काढलं एकवीस मिनिटांत.
विचारा कुणालाही.
रस्ता म्हणजे एक पांढरी रेघ
आणि मनगटातली कळ,
रात्री जेवताना घासापर्यंत आलेली.

रईस मिस्त्री म्हणाला, "बुढा झाला काय बे?"
म्हटलं, हो. हे मनगट पाह्य.

जुनी नेली पुसल्याच्या चेतन ठोंबरेनं.
वळणाआड गेली तरी तिचा आवाज
बराच वेळ माझ्या दातांत होता.

आता बेनोड्याजवळ एक विहीर आहे.
म्हणजे, होतीच.
काठावर निळा ड्रम उलटा ठेवलेला.
तुरीतला माणूस हात वर करतो,
मीही करतो.
नाव अजून विचारलं नाही.

फक्त हिवरखेडच्या उतारावर
रस्ता मोकळा दिसला की
उजवा पाय मागे सरकतो,
जुना फूटरेस्ट शोधत.
तिथं नुसती हवा असते,
आंबिया बहराच्या वासाची.