एकूण सभासद

रजिस्टर सातवं चालू आहे.
पहिलं म्हणजे वाण्याची उधारीची वही,
पुढची अकरा पानं फाडून घेतलेली,
बाराव्यावर कौतिकाबाई झिने. अंगठा.
तिच्याखाली सहा जणी.
त्यातल्या दोघींना सही येत होती
आणि त्या दोघी तेव्हा एकमेकींशी बोलत नव्हत्या.

दिघ्यात नळ नव्हता.
कंपनीच्या भिंतीतून पाइप गळायचा,
तिथं हंडे लावता लावता मंडळ झालं म्हणतात.
मी नव्हते. माझा क्रमांक एकशे चव्वेचाळीस,
वर्गणी दोन रुपये, आईनं भरलेली,
शेरा : उशिरा.

आता ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयाला आकडा हवाय.
रविवारी वंदना झाली, मी मोजायला बसले,
सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या तशाच.
सहाशे बारा.

उत्पला म्हणाली, मावशी, मेलेल्या धरल्यात का यात?
धरल्यात की. एकोणनव्वद.
सोजरबाई गेली तेव्हा मी पेनाचं टोपण काढलं होतं,
खोटं कशाला बोलू.
तेवढ्यात तिची लेक आली
आणि आईच्या नावची वर्गणी टेबलावर ठेवली.
मेलेल्या बाईची पावती फाडतात का?
फाडली.
तेव्हापासून फाडते.

उत्पला वाशीला बँकेत आहे.
म्हणाली, बरं, दर वर्षी वाढ किती टक्के?

एका साली चाळीस आल्या एका रात्रीत,
पलीकडच्या झोपड्या पाडल्या होत्या.
त्याच्या पुढच्या साली तिघी, त्यातली एक सासूला चोरून.
कोरोनात कुणीच नाही. आम्ही डबे पोचवत होतो,
पुढं त्यातल्या नऊ जणी रिकामा डबा द्यायला आल्या
आणि बसल्या.
काढ टक्के.

फॉर्मात पाचशे तेवीस लिहिलं. सरकारी रकाना आहे,
त्याला जिवंतच लागतात.

संध्याकाळी कौतिकाबाईच्या नातीची लेक आली, तन्वी,
अठरा पूर्ण, ऐरोलीच्या कॉलेजात.
आजी, मला पहिला नंबर द्या ना, पणजीचा.
म्हटलं, तो रिकामा नाही.
थोडी हिरमुसली. मग पायाशी बॅग ठेवून
सहाशे तेराव्या ओळीत नाव लिहिलं,
इतकं मोठं की खालच्या ओळीत गेलं.
वर्गणी पन्नास. सुटे नव्हते तिच्याकडे,
पुढच्या रविवारी देते म्हणाली.

शेरा लिहिला : उशिरा.