सभासदांना कळविण्यात येते की

मसिरा बेटावर, वीज कचेरीच्या मागच्या खोलीत
मी सूचना अजून आधी मराठीतच लिहितो.
मग मोडक्या हिंदीत शशिधरनला सांगतो,
तो ती इंग्रजीत टाइप करतो,
हमूद तिला अरबीत फिरवतो,
आणि शेवटी फलकावर जे चिकटतं
त्यात माझी उरते फक्त तारीख.

सवय जात नाही.
तालुक्याच्या वीज सोसायटीत अकरा वर्षं
सभासद वार्तापत्र मीच काढायचो.
चार पानी, पिवळट, शाई बोटांना लागणारं.
कुणाच्या विहिरीवर नवं कनेक्शन,
वायरमन सखाहरी खांबावरून पडून बरा झाल्याचं,
गुणवंत पाल्यांचा सत्कार, श्रीफळ आणि कंपासपेटी,
थकबाकीदारांची यादी
(एकदा त्यात माझे सासरे).
मग सोसायटीच थकली.
शंभर रुपयांचा शेअर दाखला
अजून माझ्या बॅगेत आहे,
व्हिसाच्या झेरॉक्सला चिकटून.

इथे सभासद नाहीत, ग्राहक आहेत.
पण उम्म सुलैयमला ग्राहक कसं म्हणू?
तिची तक्रार : फ्रीज रात्री खडखडतो.
फ्रीज आपल्या खात्यात येत नाही, तरी गेलो.
खडखड होती वरच्या पितळी तबकाची,
मुलगा मस्कतला जाताना ठेवून गेलेला.
काढून खाली ठेवलं.
दुसऱ्या दिवशी ती कचेरीत हजर :
परत वर ठेव, बाबा. घर फारच गप्प झालं.

तर, या महिन्याची सूचना.
समुद्राकडच्या भिंतींवरचे दिवे
रात्री नऊनंतर बंद ठेवावेत.
कासवांची पिल्लं निघायचे दिवस आहेत.
पिल्लू वाळूतून वर येतं
आणि जिकडे जास्त उजळ, तिकडे चालू लागतं.
पूर्वी तिकडे समुद्रच असायचा.
आता पेट्रोल पंप आहे.
गेल्या वर्षी सकाळी त्याच्या खांबाखाली
एक्केचाळीस मोजली मी, वाळलेली, टोपणांएवढी.
बिघाडाच्या फॉर्मात
त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

तिकडे वीज गेली की माझ्या आईचा उद्धार व्हायचा,
फोन उचलायची भीती वाटायची.
इकडे मीच दारोदार
अंधार द्या हो, अंधार, म्हणत फिरतोय.
बलोच मुरादने बर्फाच्या कारखान्याचा फ्लडलाइट
माझ्यासमोर विझवला, वर खजूर दिले.
मशिदीमागची गल्ली गेली. शाळा गेली.
डिझेल जनरेटरचा सूर जरा खाली आला,
ओझं उतरल्यावर हमाल सोडतो तसा श्वास.

एकच दिवा राहिला, उम्म सुलैयमचा.
विसरले नाही रे, ती म्हणाली,
पोराचा व्हिडिओ कॉल यायचाय.
अंधारात मला तो दिसतो,
मी त्याला दिसत नाही.
मी बिस्किटांचा खोका फाडला,
समुद्राच्या अंगाने दिव्याला आडोसा बांधला.
नियमात बसतं की नाही, हमूदला विचारलं नाही.

मग शशिधरन आणि मी वाळूत पालथे.
वारा असा की दातांत वाळू.
साडेनऊ. काहीच हलत नाही.
मला जुनी ओळ तोंडपाठ :
कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास
अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल
आणि तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही.

दहाला वाळू फुगली.
एक आलं. एकच.
थांबलं. मान कचेरीकडे वळवली
(माझ्या पोटात गोळा),
मग खाऱ्या वासाकडे, वल्हं मारल्यासारखं निघालं,
आणि मागून भांडं उलटावं तशी बाकीची.

इतिवृत्तात घ्यायला खिशातून पेन काढलं,
आणि लक्षात आलं,
लिहायला उजेड नाही.