ओल कुठवर

नळीला टोपण, टोपणाला कुलूप,
किल्ली माझ्या चंचीत, सुपारीच्या शेजारी.
गुडघ्याच्या वर आलेली ही निळी नळी.
कुणी म्हणतं सरकारची बोअर,
कुणी नुसतं, द्रौपदाची नळी.

महिन्याच्या पाच तारखेला अंगणवाडी झाडून झाली की
शेजारच्या मराठी शाळेत जायचं, खडूचा तुकडा मागायचा.
(गुरुजी हल्ली मोजून देतात. पोरं अकरा, खडू त्याहून कमी.)
पोलादी टेपच्या शेवटच्या हातभर अंगाला खडू फासायचा
आणि सोडायची खाली, जांभ्याच्या पोटात.
पोचल्याचा आवाज येत नाही.
हाताला कळतं फक्त.
वर ओढली की खडूवर रेघ:
इथवर कोरडं, इथून ओलं.

धरल्या आकड्यातून ओला वजा,
त्यातून नळीची उंची वजा, साठ सेंटीमीटर.
वजाबाकी मी मराठीत करते,
उत्तर कन्नडात लिहिते,
वहीचे रकाने बेळगावहून तसेच छापून येतात.
दोन आणि तीन दोन्हीकडं जवळपास सारखेच,
सहाला मात्र पहिलं वर्षभर चुकत होते.

नऊ वर्षं.
मे महिन्यात सहा मीटरला टेकायचं,
दसऱ्याला दोनावर यायचं,
फेब्रुवारीत चार-दहा, फार तर चार-बारा.
खानापूरच्या ह्या टोकाला नदी अजून ओहोळाएवढी,
वरच्या अंगाला तीन वाड्या, बाकी किंजळ, नाणा आणि गवे.
ऊस नाही. मोटर नाही.
पाणी आम्ही घागरीनं नेतो, अस्वल रात्री येऊन पितं,
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

कल्याणशेट्टी साहेब मागच्या खेपेला वही चाळत म्हणाले,
"अक्का, इथं काही होतच नाही की.
अथणीकडं पाणी पळतंय आणि नळ्या कमी पडतायत.
ही बंद करू म्हणतायत वरून."
चहा दिला त्यांना. बशीत ओतून प्यायले.
मला तेव्हा बोलता आलं नाही.
जीप ओढ्यापलीकडं गेल्यावर सुचलं:
काट्यावर मी धडधाकट पोरांनाही बसवतेच ना दर महिन्याला?
उद्या एखादं सुकायला लागलं
तर आधी किती भरायचं, हे कुणाला विचारणार?
पोराला?

यंदा फेब्रुवारीत रेघ खाली गेली.
चार-बावन्न.
चुकले असेन म्हणून टेप पुसली, पुन्हा खडू, पुन्हा सोडली.
बावन्न.
तिसऱ्यांदा खडू पुरला नाही,
चुलीतली राख फासली.
राखेवरही बावन्नच.

मग चपला घातल्या, ओढ्याकडेनं वर निघाले.
भोमाच्या वळणावर नवीन तारेचं कुंपण,
आत दोन लाकडी खोल्या, रंगाचा वास,
आणि हिरवळ. फेब्रुवारीत. पायात बोचणार नाही अशी.
मधोमध एक फवारा गरागरा फिरत होता,
कुणीच नव्हतं बघायला.
राखणदार पोरगा बरा होता बिचारा, म्हणाला,
"मावशी, मालक हुबळीला असतात. पाणी भरपूर हाय हितं,
खुटलंच न्हाई अजून. प्या की."
तहान लागली होती. प्याले.
आपलंच होतं, चवीला कळलं.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
नऊ वर्षं तिथं आडवी रेघ ओढत आले,
सांगण्यासारखं काही नाही, म्हणून.
काल कंदिलाशी बसले, पेन टेकवलं.
फवाऱ्याला कन्नडात काय म्हणतात, आठवेना.
हिरवळीला काय म्हणतात, कुणी शिकवलंच नव्हतं.
शेवटी मराठीतच लिहिलं, चार ओळी,
रकान्याबाहेर गेल्या,
पुढच्या महिन्याच्या जागेत.

आज सहा तारीख. मोजायचा दिवस नव्हे.
गुरुजींनी काही न विचारता
अख्खा खडू दिला.