शेरा

मे महिन्यात शायेत काय असते?
वरांड्यात झोपलेली दोन कुत्री,
फयावर एप्रिलची तारीख,
अन् मी.
उकंडा ढोके, शिपाई.
कपाटाची किल्ली माह्या करदोट्याले.

सत्ताईस वर्सं झाली.
दर शनिवारी पुस्तकं झटकली,
डांबरगोया ठेवल्या,
उधई लागू देली नाई.
पोट्ट्याइले बी लागू देलं नाई म्हना ना.

मंग यंदा तायवाडे मॅडम आल्या.
म्हने, उकंडाभाऊ, उन्हायाभर कपाट उघडं ठेवाचं.
सकायी सात ते दहा.
म्हनलं, पोट्टे फाडतीन.
म्हने, फाडू द्या.
म्हनलं, परीक्षा कवा घ्याची?
म्हने, परीक्षा नाई. प्रश्न नाई. तात्पर्य तं बिलकुल नाई.
आवडलं नाई तं अर्ध्यात सोडाचं.
मले वाटलं,
हे बाई काई टिकत नाई या गावात.

पयल्या दिवशी तीन जन आले.
तेही पान्यासाठी.
रांजन भरून ठेवला होता म्या, वाया टाकून.
पानी पेले. तोंडं पुसली.
टेकामाची रुणाली कपाटापाशी गेली,
म्हने, काका, हात लावू?
"नाई" तोंडात आलंच होतं,
सत्ताईस वर्साची सवय.
गिललं.
म्हनलं, लाव.

मंग नऊ झाले. मंग बावीस.
ऊन शेहेचायीसवर गेलं
अन् पोट्टे पावने सातलेच पायरीवर.
दहा वाजले तरी उठत नोते.
म्या घंटा वाजवनं सोडून देलं.

रजिस्टरात येक रकाना होता, शेरा.
मॅडम म्हने, लिहावं वाटलं तं लिहा.
पाहा काय लिहिते लेकरं:

"वाघ असा बोलत नसते. माह्या मामानं पाह्यला हाये.
पन पुस्तक चांगलं हाये."

"मायले वाचून दाखवलं. भाकर करपली.
बाबा वरडला नाई. मंग काय झालं, इचारे."

"पान एकतीसवर रडू आलं. हे खोडून टाका."
(खोडलं नाई म्या.)

"शेवटचं पान वाचलं नाई. पुरवून ठेवलं."

भोयराचा मयंक बकऱ्या घेऊनच येये.
बकऱ्या निंबाखाली, तो पायरीवर.
येक दिवस बकऱ्या गेल्या कोनाच्या तं भुईमुगात,
अन् त्याचा बाप आला काठी घेऊन.
कोठी हायेत रे बकऱ्या?
पोट्ट्यानं मान बी वर केली नाई.
म्हने, बाबा, दोनच पानं ऱ्हायली.
म्या डोये मिटले.
काठीचा आवाज आला नाई.
पाहतो तं बाप उभा,
काठीवर हनुवटी टेकून,
भर उनात,
दोन पानं.

फाटली का पुस्तकं? फाटली.
सात फाटली. येकीचं कव्हर बकरीनं खाल्लं.
खयीनं चिकटवतो, वर वीट ठेवतो.
कपाटात होती तवा येक बी फाटलं नाई.
नुसती पिवयी पडली.

पंचवीस जूनले रजिस्टर जमा कराचं होतं.
दुपारी कोनी नोतं.
कुत्री बी पान्याच्या टाकीमांगं.
चश्मा पुसला,
तरी दोनदा इकडं तिकडं पाह्यलं
अन् सगळ्यात खाली लिहिलं:

नाव: उकंडा ढोके.
इयत्ता: सातवी, नापास.
पुस्तक: रुणालीनं सांगतलं ते.
परत कराची तारीख: मॅडमले इचारून.

शेरा कोरा ठेवला हाये.
पान नववं चालू हाये अजून.
बोट ठेवून वाचतो,
घाई नाई.